घाट उतरताना हात गार पडतात. कंपनीत ट्रेनिंगला आहे, जुन्या ड्रायव्हर मंडळींनी मार्ग सांगा

बोरीकाठचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी.

मी पारोळा तालुक्यातला, वय २३. घरी तीन एकर कोरडवाहू, कापूस लावतो. बारावीनंतर तीन वर्षं गावातल्या एका आप्पांची पिकअप चालवली. कधी केळी, कधी कांदा, लग्नसराईत मंडपाचं सामान. धुळे, अमळनेर, फार तर मालेगाव. हात चांगला बसला होता, म्हणून हेवीचं लायसन काढलं आणि धुळ्यातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रेनिंगला लागलो. ४५ दिवसांचं ट्रेनिंग आहे. पहिले दहा दिवस यार्डात गेले: हवा, ऑइल, युरिया (धूर साफ करायचं द्रावण) बघणं, ताडपत्री बांधणं, रिव्हर्स. त्यानंतर उस्तादांबरोबर लाइनवर. गाडी बारा टायर, ३५ टनी, नऊ गियरची. आज २९वा दिवस.

मागच्या गुरुवारी इंदूरकडून सोयाबीनची पेंड भरून नवापूरला चाललो होतो, पोल्ट्रीचा माल. सेंधव्यापर्यंत उस्तादांनी चालवली. तिथे चहा झाला आणि ते म्हणाले, आता तू बस, बिजासन घाट तू उतरव. पहाटेचे साडेपाच झाले असतील. वर सपाटीला गाडी सहाव्यात, वेग पन्नासच्या आसपास. उतार लागला तसा मी पाय ब्रेकवर ठेवला आणि ठेवूनच राहिलो. पिकअप मी तशीच उतरवायचो. दोन वळणं गेली, गाडी ऐकेना, म्हणून चौथ्यात घ्यायला गेलो तर गियर पडेचना. नुसता कर्रर्र आवाज. परत सहावाही पडेना. गाडी न्यूट्रल आणि पाठीवर चोवीस टन. ब्रेक दाबतोय पण दाबतोय तेवढी गाडी धरत नाही. ब्रेकच्या हवेचा काटा सात, साडेसहा, सहा असा खाली येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. केबिनमध्ये जळका वास भरला. उस्ताद ओरडले, "पूर्ण दाब, सोडू नको," आणि हँडब्रेकचा खटका त्यांनीच ओढला. डोंगराच्या बाजूला घासत घासत गाडी थांबली. मागच्या चाकांतून पांढरा धूर निघत होता. खाली उतरलो तर गुडघे माझे राहिले नव्हते.

उस्ताद मला एक शब्द बोलले नाहीत. गाडी गार होईपर्यंत कठड्यावर बसून राहिले, मग स्वतः चालवत नवापूरपर्यंत गेले. पुढचा कोंडाईबारी घाटही त्यांनीच उतरवला. यार्डात मात्र सगळ्यांना कळलं. सुपरवायझर म्हणाले, "जमत नसेल तर आत्ताच सांग."

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उस्ताद लहानसहान उतारावर न्यूट्रल मारतात. डिझेल वाचतं म्हणतात, आणि त्यांचंही खोटं नाही, कारण ॲव्हरेज साडेतीनच्या खाली आला की कंपनी ट्रिपच्या पैशातून कापते. ट्रेनिंगच्या पुस्तकात मात्र न्यूट्रल मारू नका असं लिहिलंय. मी कोणाचं ऐकू? उस्ताद ५४ वर्षांचे आहेत, मी त्यांना काका म्हणतो, घरून आणलेल्या भाकरीतली अर्धी ते मला देतात. त्यांना उलट बोलायला जीभ रेटत नाही. दुसरं, रिव्हर्सला मी अजून कच्चा आहे, गोडाऊनच्या धक्क्याला गाडी लावताना मागून चार जण ओरडायला लागले की डोकं बंद पडतं. आणि तिसरं, १६ दिवसांनी गाडी माझ्या एकट्याच्या हातात देतील. रात्री डोळे मिटले की तो उतरणारा काटा दिसतो. आई विचारते, "काय व्हयनं रे भाऊ, जेवस का नही?" तिला काही सांगितलेलं नाही.

एरंडोल_रोड

भाऊ, राग मानू नको, मनापासून सांगतो. माझा मोठा भाऊ आठ वर्षं लाइनवर होता. पोरीचं बारसं, वडिलांचं तेरावं, काहीच त्याला मिळालं नाही. आता जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे, पैसा कमी पण रात्री घरी असतो. तुझं लग्न झालेलं नाही, अंगावर कर्ज नसेल तर आताच विचार कर. भीती वाटते ती उगीच वाटत नाही.

तापीकाठचा_नाना

एरंडोलवाल्या भाऊंनी सांगितलं ते खोटं नाही. पण पोराने ही लाइन सोडू का असं विचारलेलंच नाही. घाट कसा उतरू असं विचारलंय, तर मी त्याचं सांगतो.

मी सावद्याकडचा. १९९७ साली केळीच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढलो. दिल्लीच्या आझादपूर मंडीला माल जायचा, सहा चाकी गाडी, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) वगैरे काही नाही. आता चौदा टायर चालवतो. पाच पोरं माझ्या हाताखाली शिकून गेली, त्यातले चार अजून लाइनवर आहेत.

पोरा, तुझी चूक दुसऱ्या वळणावर झालेली नाही. ती चहा पिऊन निघाल्यानंतर, उतार लागायच्या आधी झाली. घाट हा घाटाच्या आधी उतरायचा असतो. वर सपाटीलाच गाडी हळू करायची, गियर धरायचा, आणि मग उताराला तोंड लावायचं. आत शिरल्यावर गियर बदलायचा नाही. ज्या गियरने भरली गाडी तो घाट चढली असती त्या गियरने उतरायचं, आणि मनात शंका असेल तर आणखी एक खाली. तुझ्या गाडीला बिजासनला चौथा, नवा आहेस तोवर तिसरा. मागचे हॉर्न मारतील. मारू देत. गाडी तुला त्यांच्या हातात द्यायची नाहीये.

आता चौथा का पडला नाही ते ऐक, कारण हे कळलं की निम्मी भीती जाईल. सहाव्यातून चौथ्यात म्हणजे गियरच्या वरच्या टप्प्यातून (हाय) खालच्या टप्प्यात (लो) यायचं. गाडी पन्नासने पळतेय. त्या वेगाला चौथा पडायचा तर इंजिनाला जितके फेरे मारावे लागतील तितके ते मारूच शकत नाही. म्हणून गिअरबॉक्स घेत नाही, कर्रर्र करून परत देतो. गाडीत बिघाड नव्हता आणि तुझा हातही वाईट नाही. तिथे माझ्यासारखा २५ वर्षं लाइनवर असलेला ड्रायव्हर असता तरी तो गियर पडला नसता. वेग आधी उतरवायचा, गियर नंतर. उतारावर हा क्रम उलटा झाला की सगळं हातातून जातं.

ब्रेकचं. लायनर, म्हणजे ब्रेकची पट्टी, चाकाच्या ड्रमला घासतो, त्यातून उष्णता होते, आणि चोवीस टन डोंगरावरून खाली आणायचे तर ती उष्णता थोडीथोडकी नसते. गाडी गियरमध्ये असेल तर निम्म्याहून जास्त भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ड्रमवर. ड्रम तापतो, फुगतो, लायनरपासून लांब सरकतो. लायनरचा वरचा थर जळून काचेसारखा गुळगुळीत होतो. मग तू वर उभा राहिलास तरी गाडी धरत नाही. तुला आला तो वास त्याचाच. आणि पाय पुन्हा पुन्हा मारला की टाकीतली हवा खर्च होते, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालतं म्हणून कॉम्प्रेसर ती भरून काढू शकत नाही. काटा उतरला तो म्हणून. बझर वाजेपर्यंत वाट बघायची नाही, काटा खाली सरकायला लागला की समजायचं आपण ब्रेक जास्त खातोय.

तर उतरताना एक्झॉस्ट ब्रेक चालू, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण बाहेर. एक्झॉस्ट ब्रेक गियरमध्येच काम करतो आणि इंजिन जरा चढं असेल तेव्हाच नीट धरतो, फक्त इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. वेग वाढतोय असं वाटलं की पायाचा ब्रेक घट्ट दाबायचा, दहाने वेग पाडायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. तू जे केलंस, हलका दाबून तासाचा तास धरून ठेवणं, त्यानेच ड्रम जळतात. पिकअपची सवय आहे, जाईल.

सेंधव्याच्या पुढे घाट लागायच्या आधी पाच मिनिटं थांब. उस्ताद घाई करतील, तरी थांब. खाली उतर, टॉमीने (लोखंडी दांड्याने) टायर वाजव, आवाज बद्द आला तर हवा कमी. घाट उतरून खाली पळासनेरला आलास की पुन्हा उतर आणि हाताची पालथी बाजू प्रत्येक ड्रमजवळ धर. लावू नको, भाजेल. चार बोटं अंतरावर धर. सगळ्या चाकांची झळ सारखी लागली पाहिजे. एखादं गार लागलं तर ते चाक ब्रेक करतच नाही, बाकीच्यांवर भार येतो. एखादं फार तापलं असेल तर ते चिकटतंय. दोन्ही गोष्टी मेकॅनिकला सांगायच्या, चाकाचा नंबर सांगून. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि मी पाहिलेल्या शंभर ड्रायव्हरांतले पाचसुद्धा करत नाहीत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. चाकाला दगड लावलास तर निघताना तो उचलून रस्त्याच्या पार बाहेर टाक. रात्री मोटारसायकलवाला त्या दगडावर जातो.

आणि न्यूट्रलचं डिझेल. ही समजूत जुन्या पंपाच्या गाड्यांपासून चालत आली आहे, तुझ्या काकांची चूक नाही, मीसुद्धा दहा वर्षं तेच केलं. आताच्या बीएस-६ गाडीत गियरमध्ये पाय काढला की कॉम्प्युटर डिझेल तोडतो. उतारावर इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, डिझेल शून्य. न्यूट्रल मारलास तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं. तुझ्या गाडीच्या मीटरवर त्या क्षणाचा ॲव्हरेज दिसत असेल तर काकांना उतारावर दाखव, दोन्ही करून. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. स्टिअरिंग जड होतं, कॉम्प्रेसर थांबतो, चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक. ते कोणी सांगितलं तर गाडीतून उतरून एसटीने घरी जा.

काकांना चूक दाखवू नको. त्यांना म्हण, "काका, पुढच्या खेपेला बिजासन तुम्ही चौथ्यात उतरवून दाखवा, मी तुमचा पाय किती वेळा ब्रेकवर जातो ते मोजतो." जुना माणूस आहे, शिष्याने असं मागितलं की तो जीव तोडून दाखवेल. घाटात खटका ओढून गाडी थांबवणारा आणि नंतर एक शब्द न बोलणारा माणूस आहे तो. तो गप्प का बसला असेल याचा विचार कर. त्याला स्वतःचा राग आला असेल, की मी पोराला गियर न सांगता बसवलं.

माझं सांगतो. २००४ च्या पावसाळ्यात मी कोंडाईबारीत दहिवेलकडून विसरवाडीकडे उतरत होतो, न्यूट्रलमध्ये, डिझेल वाचवत. समोर एसटी आडवी आली. मी डोंगराच्या नालीत घातली गाडी. आमच्या क्लीनरचा उजवा हात कोपरापासून मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. १९ वर्षांचा होता. त्याच्या घरी मी दर दिवाळीला जातो. २०२३ च्या जुलैत पळासनेरला ब्रेक गेलेला ट्रक महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला, दहा तरी माणसं गेली, थांब्यावर उभी असलेलीही त्यात होती. तुला रोज तिथूनच जायचंय. त्या जागी गाडीचा वेग ३० असेल तर तुला कोणी नावं ठेवणार नाही.

बिल्टीवाली_ताई

नानांनी गाडीचं सगळं सांगितलं. मी गाडी चालवत नाही. जळगावला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ११ वर्षं बिल्टी (मालाची पावती) कापते, त्यामुळे कागदाची बाजू सांगते, कारण नवी मुलं तिथे फसतात.

आधी तुझ्या सुपरवायझरचं. "जमत नसेल तर आत्ताच सांग" याचा अर्थ तू नोकरी सोड असा घेऊ नकोस. उलट हेच वाक्य धरून एक साधा अर्ज दे, की मला घाटाचा आणि रिव्हर्सचा सराव कमी पडतोय, अजून दहा दिवस उस्तादांबरोबर ठेवा. ४५ हा आकडा कायद्यातला नाही, तो कंपनीने ठरवलेला आहे. अर्जाची एक प्रत स्वतःकडे, त्यावर तारीख आणि सही घे. उद्या काही झालं तर "याने कधी सांगितलंच नाही" असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि एक वही कर. रोज स्वतः स्टिअरिंगवर किती तास बसलास, भरली गाडी की रिकामी, दिवसा की रात्री. हेवीच्या क्लासला नियमाने ३० दिवस आणि त्यात निदान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवणं असतं. सरकारमान्य ड्रायव्हिंग ट्रेनिंग सेंटरचा हेवीचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. तुझे खरोखर किती झाले ते लिहून पाहा. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे विचारते तेव्हा बरेच जण खाली बघतात.

भरताना वजनकाट्याची पावती स्वतः हातात घे आणि आरसीवरच्या वजनाशी लावून बघ. जास्त भरलेलं सापडलं तर दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. मालक म्हणेल मी बघतो. पण कोंडाईबारीत जादा चार टनांचा धक्का मालकाला बसत नाही, तुला बसतो. नाना सांगतात त्या गियरचं गणित पासिंगच्या, म्हणजे आरसीवरच्या वजनाचं आहे.

ई-वे बिलाची (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मुदत बघूनच निघ. २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब. तुझी इंदूर-नवापूर खेप पावणेचारशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस मिळतात. ब्रेक तापले म्हणून तीन तास थांबलास तर काही बिघडत नाही. गाडी बंद पडली, मुदत संपत आली, तर ऑफिसला आधी फोन कर. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. ड्रायव्हर घाबरून फोन करत नाहीत आणि मग बॉर्डरवर अडकतात. घाई ही बहुतेक वेळा कागदाच्या अज्ञानातून येते, आणि घाईतून घाटात वेग.

डिझेलच्या कपातीचं लेखी विचार: ॲव्हरेज भरल्या गाडीचा धरतात की रिकाम्या गाडीचा, घाटाच्या लाइनला वेगळा आहे का? आमच्याकडे सुरत लाइनचा आणि नागपूर लाइनचा आकडा वेगळा आहे. तुझ्याकडे सरसकट साडेतीन असेल तर तुझ्या उस्तादांसारखी माणसं न्यूट्रल मारणारच. हा दोष त्यांच्या एकट्याचा नाही.

मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या कामगार संहितेत गेला. लाइनवर ते किती पाळलं जातं हे मी रोज बघते, तरी तुला ते माहीत असू दे. पहाटे साडेपाचला, रात्रभर जागून, पहिल्यांदाच बिजासनला बसवणं हे मला अजिबात पटलेलं नाही. तू त्या रात्री किती झोपला होतास, हे तू लिहिलं नाहीस.

आणि आईला सांग. सगळं नको, थोडं सांग. आमच्या ऑफिसात बायका फोन करतात तेव्हा त्यांना आधीच सगळं कळलेलं असतं, फक्त कोणाच्या तोंडून ऐकलेलं नसतं.

शिरपूरचा_नवा_ड्रायव्हर

मी तुझ्या एक वर्ष पुढे. मलाही घाटापेक्षा रिव्हर्सनेच रडवलं. अवधानच्या एका गोडाऊनला पहिल्याच एकट्या खेपेत मागचा दिवा आणि धक्क्याचं रबर दोन्ही फोडलं. मागे पाच हमाल, पाच जण पाच दिशांना हात करत होते.

तेव्हापासून मी एक करतो. धक्क्याजवळ आलो की गाडी बंद करून उतरतो. चालत मागे जाऊन जागा बघतो: वर वायर आहे का, पत्र्याची पन्हाळ किती खाली आहे, जमिनीला उतार कुठे, नाली झाकलेली आहे का. मग एकाच माणसाला म्हणतो, "दादा, फक्त तुम्ही सांगा," आणि बाकीच्यांकडे बघतच नाही. तो माणूस आरशातून गेला की ब्रेक. तो परत दिसेपर्यंत गाडी हलवत नाही. जमलं तर गाडी आपल्या बाजूने, म्हणजे उजवीकडे वळवत मागे घ्यायची, खिडकीतून मागचं चाक स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. डाव्या बाजूने घेतलीस तर निम्मं सगळं आंधळं. बिघडली वाटली की पुढे घे, सरळ कर, पुन्हा लाव. पुढे घेण्यात लाज नाही. मी अजूनही तीनदा पुढे घेतो.

यार्डात सुट्टीच्या दिवशी दोन रिकामे ड्रम ठेवून तासभर सराव कर. वॉचमनला चहा पाज, तो नाही म्हणणार नाही.

बोरीकाठचा_पोऱ्या

नाना, ताई, शिरपूरचे दादा, तुमचं सगळं दोनदा वाचलं. एरंडोलचे भाऊ, तुमचंही पटलं, पण मला करायचंय हे.

ताई, खरं सांगतो. त्या रात्री मी जेमतेम दोन तास झोपलो होतो, तेही चालत्या गाडीत मागच्या बर्थवर. आणि क्लासचे तास मोजले तर सहा भरतात, त्यातले चार मैदानात रिकाम्या गाडीवर. वही आजच घेतली.

नाना, एक विचारायचं राहिलं. चौथा धरून उतरतोय, एक्झॉस्ट चालू आहे, आणि तरी मधेच गाडी वाढायला लागली, तर तेव्हा काय करायचं? तिसऱ्यात घेऊ?

तापीकाठचा_नाना

घेऊ नको. पुन्हा तेच होईल. घट्ट ब्रेक मारून वेग पार खाली आण, थांबवावी लागली तर कडेला थांबव, इंडिकेटर चालू, मग तिसरा टाकून नव्याने निघ. ब्रेक गार आहेत तोवरच हे जमतं, म्हणून लवकर ठरवायचं. चौथा कमी पडतोय हे पहिल्या दोनशे मीटरमध्येच कळतं. चौथ्या वळणापर्यंत वाट बघायची नाही.

उन्हाळ्यात दुपारी दोनला उतरवायची वेळ आली तर आधी ड्रमला हात धरून बघ, आपल्याकडचं ४४-४५ चं ऊन ड्रम गार होऊ देत नाही. जमलं तर संध्याकाळपर्यंत सेंधव्यालाच पड. तुझ्या जुन्या गाडीला एसी नसणार. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकांना केबिनचा एसी सक्तीचा केलाय, तुमच्या पिढीला तरी तो मिळेल.

बोरीकाठचा_पोऱ्या

अकरा दिवसांनी लिहितोय. अर्ज दिला. सुपरवायझरने वाचला, काही बोलले नाहीत, पण पंधरा दिवस वाढवून दिले. स्टायपेंडवरच, पगार नंतर. चालेल.

काकांना तुम्ही सांगितलं तसंच म्हणालो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सेंधव्याच्या पुढे स्वतःच थांबले, खाली उतरले, टायर वाजवले, मलाही वाजवायला लावले. आतल्या जोडीतला एक टायर बद्द वाजला, माझ्या कानाला आधी फरक कळलाच नाही, त्यांनी तीनदा वाजवून दाखवला. हवा भरून घेतली. मग चौथा टाकला आणि निघाले. मी मोजलं. पूर्ण घाटात त्यांचा पाय ब्रेकवर नऊ वेळा गेला. खाली येऊन आम्ही दोघांनी ड्रमजवळ हात धरला. नुसता कोमट. काका म्हणाले, "माझ्या उस्तादाने मला असंच शिकवलं होतं. नंतर सुटलं." मीटरवर न्यूट्रल आणि गियरचा फरकही दाखवला. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघितला.

परवा मी उतरवला. दुपारी चार वाजता, रात्री सात तास झोपून. तिसऱ्यात. ब्रेक अकरा वेळा. मागे एक ट्रॅव्हल्सवाला सारखा डिपर मारत होता, काकांनी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायला सांगितलं. काटा आठच्या खाली आला नाही. हात गारच होते, पण स्टिअरिंगवर होते. आईला संध्याकाळी फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जपीसन जाय," आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

उद्या सुरतहून रिकामी गाडी घेऊन परत यायचंय, कोंडाईबारी चढून. पाऊस सांगितलाय.

तापीकाठचा_नाना

तिसऱ्यात उतरवलास, छान केलंस.

रिकामी गाडी आणि पाऊस, तर हे लक्षात ठेव. रिकाम्या गाडीला भरल्या गाडीएवढा ब्रेक मारलास की मागची चाकं जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते. ओल्या रस्त्यावर पाय हलका, आणि वळणात एक्झॉस्ट बंद, कारण तोही मागच्याच चाकांना धरतो. विसरवाडी सोडली की चढताना समोरून भरल्या गाड्या उतरत असतील. त्यातली एखादी न्यूट्रलमध्ये असेल असं धरून चाल. आपली बाजू सोडू नको, वळणावर ओव्हरटेक नको. वर दहिवेलला पोचलास की काकांना चहा पाज आणि इथे लिही.